मुलाच्या अंगावरच्या खुणा संशयास्पद वाटल्या तर केसपेपरवर नेमकं काय लिहायचं?

कडुनिंब
नमस्कार. मी सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलात बालरोग विभागात काम करते. शिकून बाहेर पडून फार वर्षं झालेली नाहीत. इथे डॉक्टर, वकील, शिक्षक सगळेच आहेत म्हणून विचारते.

लहान मूल येतं. पालक सांगतात, पलंगावरून पडलं, गरम पाणी सांडलं. पण सांगितलेली हकीकत आणि समोरची जखम यांचा मेळ बसत नाही. खात्री नसते, शंका असते. अशा वेळी केसपेपरवर काय लिहायचं? एक ज्येष्ठ सांगतात, "जखम लिही, औषध लिही, बाकी एक अक्षर नको. उद्या कोर्टाचे हेलपाटे तुलाच घालायचे आहेत." दुसरे म्हणतात, "मनात आलं ते सगळं लिहून टाक, म्हणजे आपण सुटलो." मला दोन्ही पटत नाही. पहिल्यात ते मूल वाऱ्यावर सुटतं. दुसऱ्यात एखाद्या निरपराध आईबापाच्या कपाळी कायमचा शिक्का बसतो.

कुठल्याही पेशंटची माहिती मी इथे देणार नाही. कृपया कोणी विचारू नका आणि देऊही नका.

माढेकर
वाचतोय. यावर कोणी बोलत नाही, बरं झालं काढलात.

बाळगुटी
मी बालरोगतज्ज्ञ, आता अर्धवेळ प्रॅक्टिस. कडुनिंब, अत्याचार झाला की नाही हे ठरवणं आपलं काम नाहीच. काय दिसलं, काय ऐकलं, कोणाच्या तोंडून ऐकलं आणि किती वाजता, एवढं नेमकं लिहायचं. तेवढंही फार थोडे लोक लिहितात.

"डाव्या गालावर मार" असे कागद मी पुष्कळ पाहिलेत. पाच वर्षांनी त्यातून कोणाला काय कळणार? त्याऐवजी असं लिही: "डाव्या गालावर, कानाच्या पाळीपुढे २ सेंमी अंतरावर, एकमेकांना समांतर तीन लालसर पट्टे, प्रत्येक साधारण ४ सेंमी लांब, मध्ये फिकट जागा." वाचणाऱ्याला बोटं आपोआप दिसतात आणि तू "थप्पड" हा शब्द वापरलेलाही नसतो. सोबत शरीराची पुढून-मागून बाह्याकृती छापलेला कागद ठेव, त्यावर खूण कर. फोटो काढायचा तर शेजारी मोजपट्टी ठेवून, संमती घेऊन, आणि फाइलपुरताच.

वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा ते मात्र लिहू नकोस. पूर्वी शिकवायचे, लाल म्हणजे ताजा, पिवळा म्हणजे जुना. ते भरवशाचं नाही हे आता पक्कं झालंय. रंग लिही, वय लिहू नको.

धावत्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर काळं-निळं असतंच. पण चार वर्षांखालच्या मुलाच्या छाती-पोट-पाठीवर, कानावर, मानेवर वळ दिसला तर थांबून विचार करायचा. आणि चार महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही दिसला तरी. जे बाळ अजून कुशीवरही वळत नाही, ते पलंगावरून आपणहून कसं पडलं? म्हणून मुलाला काय काय करता येतं, मान धरतं का, बसतं का, रांगतं का, हे त्याच कागदावर लिहायचं. हकीकत जुळते का ते त्यावरूनच ठरतं.

अक्का_विजापूरवेस
डॉक्टर, आणि आपल्याकडचे बिब्ब्याचे डाग? आमच्या गल्लीत अजून बाळाचं पोट फुगलं की बिब्बा घालतात. त्या बाईवर मारहाणीची केस व्हायची!

बाळगुटी
अक्का, अगदी बरोबर मुद्दा. बिब्ब्याचा चटका, तापल्या सुईने दिलेले डाग, हे दिसलं की कोणी, कशासाठी, कधी केलं ते विचारून लिहायचं. बहुतेकदा आजी स्वतःच सांगते, लपवत नाही, आणि तेही तसंच लिहायचं. मुलाला इजा झाली हे खरंच आहे, तिची नोंद आणि उपचार व्हायलाच हवेत, पण दुष्टपणाने चटका देणारा माणूस वेगळा.

तसंच कमरेखाली निळसर जन्मखूण असते, आपल्याकडच्या अनेक बाळांना. ती वळ समजून घोटाळे झालेत. जन्माच्या वेळीच डिस्चार्ज कार्डावर "कमरेवर निळी जन्मखूण, इतके सेंमी" लिहिलं तर पुढचा मनस्ताप वाचतो. ती ओळ लिहिणारे प्रसूतिगृहवाले मला फार आवडतात.

कुंभारीची_लेक
मला दुसरी बाजू मांडायची आहे. माझी आई विड्या वळायची. धाकट्या भावाच्या अंगावर एकाएकी निळे डाग उठले. त्याला घेऊन एका दवाखान्यात गेलो, तर रांगेतल्या सगळ्या बायांसमोर विचारलं, "कोण मारतं याला? बाप पितो का?" आई तिथून उठलीच. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी शांतपणे सगळे डाग मोजून लिहिले आणि रक्त तपासायला पाठवलं. प्लेटलेट खूप कमी निघाल्या. त्या कागदामुळे माझ्या वडिलांकडे पुन्हा कोणी तशा नजरेनं बघितलं नाही.

शंका घ्या, हरकत नाही. पण घरकुलातल्या आईवर लगेच घेता आणि जुळे सोलापूरच्या बंगल्यातल्या आईवर घेत नाही, हे बंद करा.

बाळगुटी
ताई, आईंना जे ऐकावं लागलं ते व्हायला नको होतं. उपाय एकच: छापील फॉर्म, आणि प्रत्येक जखमी मुलासाठी तोच. मोटारीतून आलेल्यालाही आणि रिक्षातून आलेल्यालाही तेच प्रश्न, आडोशाला घेऊन. आणि वळ असतील तर प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी. हाड मोडलं असेल तर कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व हे आधी. मुडदूस असलेल्या किंवा जन्मतः ठिसूळ हाडांच्या मुलाचं हाड थोड्या धक्क्यानेही मोडतं. तपासणी केली आणि नॉर्मल आली, तर "नॉर्मल" हेही लिहायचं. तो कागद दोन्ही बाजूंना न्याय देतो.

वकील_बार्शीचा
बाळगुटींच्या पहिल्या प्रतिसादाला कायद्याची जोड देतो.

प्रकरण लैंगिक अत्याचाराचं असेल तर लिहू की नको हा प्रश्नच उरत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, त्याचं कलम १९. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आई "नको, बदनामी होईल" म्हणाली तरीही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्याच्या गुन्ह्याबद्दल गप्प बसला असेल तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं.

आणि ज्येष्ठ घाबरवतात म्हणून हेही वाचा: कलम १९(७). सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. शंका खोटी ठरली तरी.

साधी मारहाण, चटके, उपाशी ठेवणं यांसाठी बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७५ आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही.

आता कागदाबद्दल. डॉक्टर साक्षीला उभे राहतात तेव्हा प्रकरणाला वर्षं लोटलेली असतात. त्यांना त्या वेळच्या नोंदी पाहून स्मृती ताजी करता येते, पण नोंद असेल तर! बचावाचा वकील आधी शाई बघतो. ओळींच्या मध्ये घुसडलेलं वाक्य, व्हाइटनर, वेळ न टाकलेली सही, यावर तो अर्धा दिवस काढतो. चूक दुरुस्त करायची तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही, तारीख, वेळ.

शेंगाचटणी
अक्षराचं काय? आमच्या डॉक्टरांचं अक्षर फक्त खालच्या मेडिकलवाल्या मामांना लागतं, कोर्टात मामांनाच न्यावं लागेल 😀

वकील_बार्शीचा
हसू आलं, पण खरंच होतं असं. अशा केसमध्ये मोठ्या अक्षरात किंवा टाइप करून लिहा.

सात_रस्ता
मला हे सगळं थोडं धोक्याचं वाटतं. डॉक्टर पोलिसगिरी करायला लागले तर आई मुलाला दवाखान्यात आणायचीच बंद होईल. घरात नवऱ्याचा मार खाणारी बाई, तिला कळलं की इथे एमएलसी होते, म्हणजे पोलिसांकडे जाणारी मेडिको-लीगल नोंद, तर ती हळद लावून घरीच बसेल. मग मुलाचं काय भलं झालं?

कडुनिंब
सात_रस्ता, हीच भीती मलाही वाटते.

नर्स_होटगीरोड
भीती खरी आहे, पण मला उलटाही अनुभव आहे. वॉर्डात पहाटे औषध द्यायला गेलं की बाया बोलतात. त्यांना कोणीतरी विचारावं असंच वाटत असतं. एकटीला, सासू बाहेर असताना. आणि मूल घरी सुरक्षित आहे की नाही याची खात्री नसेल तर डॉक्टर त्याला निरीक्षणासाठी भरती करून घेऊ शकतात. तेवढ्यात १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन, बाल कल्याण समितीशी बोलणं, मामाला किंवा आजीला बोलावणं, सगळं होतं. दरवेळी कोणाला तुरुंगातच धाडायचं असतं असं नाही.

नोंदीबद्दल एक सांगते. भरती मुलाचा नर्सिंग चार्टही कागदच असतो. कोण भेटायला आलं की मूल आक्रसतं, कोण गेलं की जेवतं, हे आम्हालाच दिसतं. "मूल घाबरट" असं न लिहिता लिहायचं: "सायं. ६.१० काका आल्यावर चादर तोंडावर ओढून घेतली, ६.४० ते गेल्यावर दूध प्यायलं." डॉक्टर राउंडला दहा मिनिटं असतात, आम्ही बारा तास.

बाळगुटी
नर्सबाईंचं हे वाक्य प्रत्येक निवासी डॉक्टरने वाचावं.

पद्मनगरवाला
भाषेचा मुद्दा राहिला. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोट बाजूला कन्नड. मूल घरच्या भाषेत सांगतं, डॉक्टर मराठीत लिहितात, आणि मध्ये बोलतो कोण तर सोबत आलेला चुलता. तोच मारणारा असेल तर?

नर्स_होटगीरोड
आमच्याकडे अशा वेळी तेलुगू येणाऱ्या मावशीला बोलावतात. नातेवाइकाकडून भाषांतर घ्यायचं नाही. आणि दुभाषी कोण होतं, कुठली भाषा, हे कागदावर टाकायचं.

बाळगुटी
मुलाचे शब्द मुलाच्याच भाषेत, अवतरणचिन्हात, देवनागरीत का होईना, लिहावेत आणि खाली अर्थ. आपण कुठला प्रश्न विचारला होता तेही लिहावं. "काकाने मारलं का?" असं विचारून मिळालेलं "हो" आणि "काय झालं?" विचारल्यावर आपणहून आलेलं वाक्य, यांचं वजन वेगळं असतं. एकदा मोकळेपणाने विचारून थांबायचं. त्याच मुलाकडून तेच तेच वदवून घेऊ नये.

जुना_हवालदार
पोलिसात नोकरी झाली, आता निवृत्त. सोलापूरच्या पेपरात "सिव्हिल चौकीत नोंद", म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलातल्या पोलीस चौकीत, ही ओळ तुम्ही रोज वाचता. त्या नोंदीचा सगळा भार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतो. चिठ्ठीत "पडून जखमी" एवढंच आलं तर आमचा अंमलदार काय तपास करणार? "पडून, असे सोबतच्या मामाचे सांगणे" एवढं आलं तरी मामाला विचारता येतं.

नमुन्यांचंही तसंच. कपडे, स्वॅब सीलबंद, लेबलवर नाव-नंबर-वेळ, कोणी दिलं, कोणी घेतलं, दोघांच्या सह्या. ही साखळी तुटली की पुरावा गेला. कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, वाळवून कागदी पाकिटात ठेवा.

वकील_बार्शीचा
हवालदारसाहेबांना अनुमोदन. आणि कोणी हॉस्पिटलवाला "आधी एफआयआर आणा, मग तपासू" म्हणाला तर तो चुकतोय. पोक्सो कलम २७ प्रमाणे तक्रार नोंदलेली नसली तरी तपासणी होते, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे उपचारासाठी पोलिसांचं पत्र मागता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, आईवडील किंवा जिच्यावर मुलीचा विश्वास आहे अशा व्यक्तीच्या हजेरीत. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये यासाठी सविस्तर प्रपत्र दिलंय. बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती, त्याखालच्याची पालकांची. तपासणीच्या खोलीत पोलीस नकोत. आणि जखम सापडली नाही म्हणून "अत्याचार झालेला नाही" असा शेरा मारायचा नाही. जखम नसणं आणि घटना नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

रेकॉर्डरूम
मी एका रुग्णालयात अभिलेख विभागात लिपिक होतो. तुम्ही कागद लिहिण्याबद्दल बोलताय, मी कागद सापडण्याबद्दल बोलतो.

पावसाळ्यात भिंतीला ओल यायची, खालचे गठ्ठे एकमेकांना चिकटायचे. कोर्टाचा समन्स आला की साहेब म्हणायचे, आजच्या आज काढ. एमएलसीचा नंबर केसपेपरवर नसेल तर मी नुसत्या नावावर काय शोधणार? आमच्याकडे एकाच आडनावाची शेकडो पोरं. वय "३" लिहिलंय, वर्षं की महिने ते नाही! सुटलेलं बाळ पुन्हा आलं तर नवा नंबर, नवा कागद, जुन्याचा पत्ता नाही.

भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे, आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, हा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम. एमएलसीचे कागद मात्र केस निकाली निघेपर्यंत फाडायचे नसतात. ते वेगळ्या कपाटात, कुलपात. मी लाल पेनाने कोपऱ्यात खूण करायचो. आणि ते कोणालाही दाखवायचे नाहीत, नगरसेवकाचा माणूस आला तरी.

बाळगुटी
"नवा नंबर, जुन्याचा पत्ता नाही" हे वाक्य माझ्या काळजाला लागलं. कारण एकेक जखम कधीच पुरेशी बोलत नाही. १९४६ मध्ये अमेरिकेत जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने सहा बाळांची माहिती एकत्र मांडली: मेंदूभोवती रक्तस्राव आणि सोबत हातापायांची मोडलेली हाडं, त्यातली काही भरून येत असलेली, काही नवी. एकेका फिल्मवरून हे दिसलं नसतं. बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप यांनी १९६२ मध्ये त्याला "बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम" असं नाव दिलं, तेव्हा कुठे डॉक्टर जागे झाले. आजही दोन वर्षांखालच्या संशयित बाळाच्या सगळ्या हाडांचे एक्स-रे काढतात ते यासाठीच.

सोलापुरात काय होतं? पहिली जखम गल्लीतल्या डॉक्टरकडे, दुसरी नवी पेठेत, तिसरी सिव्हिलला. तिघांनाही ती पहिलीच वाटते. म्हणून सोबतची जुनी चिटोरी, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीतलं वजन, सगळं मागवून बघायचं आणि "पाहिले" असं लिहायचं. वजन सहा महिने वाढलेलं नाही हीसुद्धा खूणच आहे. हेळसांड डोळ्यांना दिसत नाही, आकड्यांत दिसते.

झेडपीची_बाई
आम्ही शिक्षकांनी काय करावं? मुलं हाताची बाही ओढून बसतात, आम्हाला कळतं.

वकील_बार्शीचा
पोक्सोचं कलम १९ सगळ्यांना लागू आहे, शिक्षकांनाही. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे आपलं काम संपलं असं नाही. मूल जे बोललं ते त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून तारीख-सही करा, आणि १०९८ किंवा ११२ ला फोन करा. पुढे २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवणं पोलिसांची जबाबदारी आहे.

झेडपीची_बाई
आभारी आहे. आणि तो कागद हजेरीपटात ठेवायचा नाही, हे माझं मीच ठरवलं.

माढेकर
एक विनंती डॉक्टर मंडळींना. जखमेचे फोटो "मत हवंय" म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, चेहऱ्यासकट. आमच्या एका नातलगाच्या मुलाचा फोटो असाच कुठून कुठे पोचला.

बाळगुटी
हे थांबलंच पाहिजे. एका तज्ज्ञाला फोन करून विचारा, फोटो फाइलमध्येच ठेवा.

कडुनिंब
सगळ्यांचे मनापासून आभार. एक काल्पनिक नोंद लिहून बघितली, चुका सांगा.

"दि. १२, रात्री ९.२५. मुलगा, वय १ वर्ष ८ महिने, वजन ८.२ किलो. सोबत आई व आत्या. हकीकत आत्याने सांगितली, भाषा तेलुगू, दुभाषी आया. सांगणे: सायंकाळी ५ वाजता मूल गरम पाण्याच्या बादलीत पडले. उशीर का, विचारले: रिक्षा मिळाली नाही. दोन्ही पावले व घोट्यांच्या वर ५ सेंमीपर्यंत भाजल्याच्या खुणा, वरची कड सरळ व स्पष्ट, दोन्ही पायांवर सारख्या उंचीवर. शिंतोड्यांच्या खुणा दिसल्या नाहीत. तळव्यांचा मधला भाग कमी भाजलेला. आई निष्काळजी वाटली. सांगितलेल्या कारणाशी जखम जुळत नाही, मुलाला इजा केली गेली असण्याची शक्यता तपासणे आवश्यक. एमएलसी क्र. …, पोलिसांना कळवले रात्री ९.५०."

वकील_बार्शीचा
"आई निष्काळजी वाटली" काढा. आई गप्प होती की रडत होती, ते लिहा. आणि पोलिसांना कळवले म्हणजे कोणाला? समोरच्याचं नाव, बक्कल नंबर.

बाळगुटी
बाकी नोंद उत्तम. "जुळत नाही" च्या पुढे कारणही टाक: मूल आपणहून पडलं असतं तर पाणी उडालं असतं, कड वेडीवाकडी आली असती. मत द्यायचं तर ते कशावरून ते त्याच ओळीत. आणि मान, कान, पाठ, तोंडाच्या आत ओठ हिरडीला जोडणारी पातळ पट्टी बघितली का? बघितली आणि काही नव्हतं तर तेही लिही, नाहीतर बघितलंच नाही असं धरतात.

सात_रस्ता
माझं मत थोडं बदललं. यात कुठेही आरोप नाही, आणि कुठेही लपवाछपवी नाही. पण आईला एकटीला विचारल्याचं यात नाही. ते घाला.

कुंभारीची_लेक
आणि आईला सांगा की तुम्ही हे लिहिताय. माझ्या आईला कोणी सांगितलं असतं की "हे प्रत्येकाचं लिहितो", तर ती उठून गेली नसती.

कडुनिंब
दोन्ही घालते. उद्या आमच्या सरांना हा फॉर्म छापून घ्यायला सांगणार आहे, मागे शरीराच्या आकृतीसकट. रेकॉर्डरूम काका, एमएलसी नंबर कुठल्या कोपऱ्यात हवा?

रेकॉर्डरूम
वर उजवीकडे. गठ्ठा उलटताना तोच कोपरा दिसतो. आणि वयाच्या पुढे "वर्षे / महिने" छापूनच घ्या, नुसती खूण करता येईल.